थोड्याची लाज

“म्हंजे मी आता चालायला शिकू, वस्ताद? ह्या वयात? दुडूदुडू?”

दस्तगीर वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसून तांबड्या मातीतले खडे वेचत होते. ऐंशी कधीच उलटलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. पण बोटांना खडा बरोबर सापडायचा.

विचारणारा होता हिंदुराव साळोखे. एके काळी पंचक्रोशीत त्याला तोलामोलाची जोड मिळणं मुश्कील असायचं. आता सदरा खुंटीला अडकवल्यासारखा त्याच्या खांद्यांवरून लोंबत होता. पोटाचा कॅन्सर. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं, जठराचा मोठा भाग काढून टाकला, आणि सध्या किमो चालू होता.

तालमीच्या उंबऱ्याबाहेर त्याची बायको मालन बसली होती. मांडीवर डबा. बाईमाणसानं आत यायचं नाही हा ह्या तालमीचा रिवाज, आणि तो मोडायचं तिच्या मनातही नव्हतं. नवऱ्यानं त्या डब्यातले चार घास पोटात घालावेत आणि ते पोटात राहावेत, एवढ्यासाठीच ती आली होती.

“डाक्टर काय म्हनला, ते परत सांग,” वस्ताद म्हणाले.

“म्हनला, थोडं चाला. सकाळ-संध्याकाळ, सावलीतनं. थोडं थोडं खावा, पर दिवसातनं लई येळा. मऊ भात, अंडं, दही, मुगाचं वरण. दुपारचं थोडं पडा. दम लागला की थांबा.” हिंदुराव हसला. ते हसणं काही खरं नव्हतं. “समदं थोडं! त्या मानसाला थोड्याबिगर दुसरा शबूदच येत न्हाई, वस्ताद.”

“आनि तू काय करतोस?”



उत्तर बाहेरून आलं. “पहाटं उठून बैठका काढत्यात. गोठ्यात, आतनं कडी लावून. मग येवढा मोठा पेला बदामाची थंडाई आनि वर तूप. समदं उलटून पडतं. मग दिसभर पान्यालाबी शिवत न्हाईत.”

“मालन!”

हिंदुरावानं आवाज चढवला खरा, पण शेवटच्या अक्षराला धाप लागली. एके काळी ह्याच आवाजानं मैदानातली गलबल थांबायची.

“बोलू दे तिला,” वस्ताद म्हणाले.

“वजन उतरलंय.” मालन आता भिंतीशी बोलल्यासारखं बोलत होती. “डाक्टर म्हनला, असंच उतरत गेलं तर फुडला किमो देता यायचा न्हाई. अंग सोसायचं न्हाई म्हनला. मग काय, म्हटलं मी, तर गप झाला.”

आजारी माणूस हट्टी होतो म्हणतात. आजारी पैलवानाची तऱ्हा त्याहून न्यारी. तो सगळ्यांचं ऐकून घेतो, मान डोलावतो, आणि गोठ्याला आतून कडी लावतो.

“तेच म्हनतोय मी!” हिंदुराव पुढे सरकला. “अंगात जोर न्हाई म्हनून सोसत न्हाई. आनि जोर कशानं येतो? तुमीच शिकीवलंय. मेहनत आनि खुराक. मऊ भातानं कुनी पैलवान झालाय व्हय?”

वस्ताद खडे वेचत होते.

“एक मागतो, वस्ताद. मोठ्या मैदानाच्या आधी माझ्याकडनं जी मेहनत करून घेतलासा, जो खुराक दिलासा, तसंच परत एकडाव करा. मी दवाखाना सोडतो. हितंच राहतो तुमच्यापाशी. ह्यो जो कोन पोटात बसलाय न्हवं, त्याला अस्मान दावतो.”

बाहेर मालनच्या हातातला डबा वाजला.

तिला माहीत होतं, तो इथं का आला ते. लग्न होऊन आल्यापासून ती बघत होती. ह्या माणसानं बापाचा शब्द मोडला, भावाचा मोडला, तिचा तर धरलाच नाही कधी. पण दस्तगीर वस्तादांचा शब्द खाली पडू दिला नाही. म्हातारा आता ‘हो’ म्हणाला की दवाखाना संपला. एका मानेच्या हालचालीचं काम होतं.

वस्तादांनी मान हलवली नाही. “तंबाखू?” त्यांनी विचारलं.

“सोडली. ज्या दिवशी रोगाचं नाव कळलं, त्याच दिवशी. चंची पुलावरनं नदीत फेकली.” हिंदुरावाची छाती जराशी वर आली. “सोडायला मला येळ लागत न्हाई, वस्ताद. सोड म्हना, सोडतो. उपाशी ऱ्हा म्हना, ऱ्हातो. पर हे थोडं… थोडं मला जमत न्हाई. लाज वाटती.”

“कशाची रं?”

“परवा हिच्या नादानं गेलो की चालायला. गुरवाची म्हातारी काठी टेकत मागनं आली आनि फुडं गेली निघून. जाताना म्हनती कशी, ‘सावकास ये हो, लेकरा.’”

कुणी हसलं नाही.

“मला म्हनली, वस्ताद. लेकरा.”

हिंदुरावाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला स्वतःचाच राग आला. एवढ्याशा गोष्टीसाठी रडायला येतं, हा त्या औषधाचाच प्रताप असणार, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

वस्तादांनी ओंजळीतले खडे कोपऱ्यात टाकले. हात झटकले.

“उतर हौद्यात.”

“वस्ताद!” मालन ओरडून उभी राहिली. “आवो, तुमीबी?”

वस्तादांनी तिच्याकडे बघितलंच नाही.

हिंदुरावाचा चेहरा असा उजळला, की मालनला तो तरुणपणीचा दिसला. तिनं दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली.

तो सदऱ्याच्या गुंड्या सोडू लागला.

“सदरा ऱ्हाऊ दे. तुझ्या अंगाला सध्या माती नगं.”

हे त्याला लागलं. तरी तो उतरला. वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला. मग शड्डू ठोकला.

आवाजच आला नाही. मांडीवर मांसच नव्हतं, तर आवाज येणार कुठून? त्यानं पुन्हा ठोकला. नंतर मात्र हात खाली सोडले.

“घाल डाव,” वस्ताद म्हणाले.

“कुनाला?”

“पोटात बसलाय म्हनलास न्हवं? त्याला.”

हिंदुरावानं सवयीनं पवित्रा घेतला. गुडघे वाकवले, हात पुढे केले. पुढ्यात माती, मातीपलीकडे भिंत, भिंतीवर मारुतीची तसबीर…

“धर की.”

“कुठं धरू, वस्ताद?”

“मला काय इचारतोस? रोज कडी लावून त्याला धरतोस. दाव की आमाला.”

हिंदुराव तसाच उभा राहिला. पुढे केलेले हात हळूहळू थरथरू लागले. मग ती थरथर गुडघ्यांत उतरली. तो पडला नाही. पडायचं त्याला माहीतच नव्हतं. तो उकिडवा बसला आणि दोन्ही पंजे मातीत रोवून धापा टाकत राहिला.

“गोठ्यात कोन कुनाला आपटतंय, हिंद्या?”

…

कुठं तरी रस्त्यावर दूधवाल्याची फटफटी येऊन गेली.

“भ्या वाटतंय, वस्ताद.”

मालनला ऐकू जाऊ नये म्हणून तो हे पुटपुटला होता. तिला ते ऐकू गेलं. संसारात त्याच्या तोंडून हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता.

“मलाबी,” वस्ताद म्हणाले.

हिंदुरावानं वर बघितलं. “म्हंजे? म्या जिंकीन न्हवं?”

“ठावं न्हाई.”

“असं कधी म्हनला न्हाईसा. कुठल्याबी मैदानाच्या आधी म्हनायचा, ‘जा, तुझीच हाय.’”

“तवा समोरचा मला दिसायचा.”

“मग त्या चालन्यानं काय हुनार? मऊ भात खाऊन काय हुनार?”

“फुडला किमो हुईल.”

“आनि त्यानं?”

“डाक्टरालाच ठावं नसंल, बेटा. मी तर माती चाळनारा मानूस.”

हे बोलताना म्हाताऱ्याचा आवाज जरा फाटला. तालमीतल्या किती पोरांना त्यांनी खांदा दिला होता, ते गावाला माहीत होतं. कुणी अपघातात गेलं, कुणी दारूत. प्रत्येकाच्या वेळी ते आठवडाभर कुणाशी बोलत नसत. हिंदुराव त्यांचा सगळ्यांत लाडका.

“झोप लागती का?” त्यांनी विचारलं.



“खुर्चीत बसून डुलक्या घेत्यात,” मालन म्हणाली. “हातरून घातलं तर कुशीवर पडत्यात, टाक्यांची जागा दुखती, की उठून बसत्यात. डाक्टरनं सांगितलं उतानं पडा, उशी घ्या मानंखाली. तर न्हाई म्हंजे न्हाई. दवाखान्यातबी नर्सबाईसंगं भांडान.”

वस्तादांचा हात मिशीवर जाऊन थांबला.

ह्या तालमीत उताणं झोपायची बंदी होती. नव्या पोराला पहिला धडा तोच. कुस्ती अजून दूर, जोर-बैठका दूर. आधी झोपायला शीक. पैलवानाची पाठ जमिनीला लागली की तो हरला, मग झोपेत तरी ती का लागू द्यायची? दुपारच्या वामकुक्षीला एखादा पोरगा उताणा सापडला की वस्ताद त्याच्यावर घागरभर पाणी ओतत. हिंदुरावावर असं पाणी एकदाच पडलं होतं. ती सवय लागली ती लागलीच.

नियम करणारा हा म्हातारा स्वतः तर ह्या बाबतीत दंतकथाच होता. दस्तगीरच्या पाठीला माती ठाऊक नाही, असं लोक म्हणत. सरावाच्या जोराजोरीतसुद्धा कुणी त्यांना चीत केलेलं बघितलेलं माणूस गावात नव्हतं. म्हातारपणी तालमीच्या ओट्यावर झोपत तेही भिंतीकडे तोंड करून, कुशीवर.

“आसं व्हय…” ते स्वतःशीच म्हणाले. “ह्ये मीच केलं म्हना की.”

ते उठले. ओट्यावरचं आपलं घोंगडं काखेत मारलं. हिंदुरावाच्या खांद्याचा आधार घेत हौद्यात उतरले, आणि घोंगडं मातीवर नीट पसरलं.

मग ते मातीत बसले. घोंगड्यावर नव्हे, त्याच्या शेजारी, उघड्या मातीत. एक हात मागे टेकला. मग कोपर. आणि सावकाश, हाडं कुरकुरत, ते उताणे आडवे झाले. दोन्ही खांदे मातीला लागले. पांढऱ्या केसांत तांबडी माती गेली.

हिंदुरावाच्या अंगातून वीज गेली.

“वस्ताद! काय करतायसा ह्ये? उठा!”

वस्तादांनी पाठ मातीत आणखी नीट टेकवली.

“उठा की वो! कुनी तरी बगंल!”

“बगू दे.”

त्यानं दाराकडे बघितलं. मालननं तोंड पलीकडे फिरवलं होतं आणि पदर डोळ्यांना लावला होता. तिला कुस्तीतलं काही कळत नव्हतं. पण गावातल्या पोराटोरांना जे माहीत होतं, ते तिलाही माहीत होतं.

“पाया पडतो तुमच्या…” हिंदुराव रडायला लागला.

“पाया नंतर पड. आदी हितं पड.”

वस्तादांनी घोंगड्यावर हात आपटला.

हिंदुराव कितीतरी वेळ उकिडवाच बसून राहिला. मग गुडघ्यावर आला. मग कोपरावर. मग अंग चोरून कुशीवर कलंडला.

“कुशीवर न्हवं.”

एक खांदा टेकला. दुसरा मात्र टेकेना. मानेच्या शिरा ताठल्या, जबडा आवळला. कुणी त्याला दाबत नव्हतं, तरी तो सुटायची धडपड करत होता. वस्तादांनी नुसता हात लांबवला आणि त्याच्या छातीवर ठेवला. त्या हातात जोर असा काही उरलाच नव्हता.

दुसरा खांदा टेकला.

टाक्यांची जागा आधी ओढल्यासारखी झाली, मग सैल पडली. कंबर सैल पडली. ऑपरेशनपासून आवळून धरलेलं सगळं अंगच एकदम सुटलं. तो हमसून हमसून रडला, आणि ह्या वेळी त्यानं औषधावर ठपका ठेवला नाही.

वर तालमीचा पत्रा होता. मधोमध गंजलेला, एका कडेला ठिगळ मारलेला. उभं आयुष्य ह्या तालमीत गेलं, पण हा पत्रा हिंदुरावानं आज पहिल्यांदा बघितला.

दोघं शेजारी शेजारी पडून राहिले. श्वास आधी लहान लहान येत होते, मग लांबले.

मालन डबा परत मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसली होती. आत यावं की नाही, तिला कळत नव्हतं.

“वस्ताद…”

“हं.”

“हारलो का वो मी?”

म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते. हिंदुरावाला वाटलं, झोपच लागली.

“भूक लागलीया का, त्ये सांग.”