खांबावरचा बल्ब पेटेना

दादाला कुणी का नाही सांगितलं?

चुटक्या उंदीर सगळ्यांना विचारायचा. कुणी बोलायचंच नाही.

तात्यांच्या घरामागे पत्र्याची शेड. शेडमध्ये तात्यांचं सुतारकाम. मधोमध एक लाकडी खांब. खांबावर एक बल्ब, पण पेटायचा नाही. खांबाच्या पायथ्याशी उंदरांचं बीळ. तिथे काळोख. मिट्ट काळोख. बिळातली पिल्लं रडायची. चीं चीं चीं!

चुटक्याचा मोठा भाऊ, दादा, म्हणाला होता, "रडू नका रे. मी उजेड आणतो."

दादा गेला वायर ओढायला. वायरचं टोक उघडं. चट्ट! दादा खाली पडला. तो उठलाच नाही.

पिल्लं पुन्हा रडली. चीं चीं चीं!

चुटक्या म्हणाला, "दादा नाही ना? मग मी आणतो."

निघाला. तुरु तुरु तुरु.

"बल्बभाऊ, बल्बभाऊ, ऐक ना. बल्ब पेटेना!"

"वायर येईना, मी पेटेना!"

गेला वायरकडे. तुरु तुरु तुरु. पण लांबच उभा राहिला.

"वायरताई, वायरताई, ऐक ना. वायर येईना, बल्ब पेटेना!"

"पाइप टिकेना, मी येईना! आणि माझ्याकडे असं बघू नकोस."

चुटक्याने बघितलंच. मग गेला पाइपकडे. तुरु तुरु तुरु. वायर ज्यातून न्यायची तो पाइप जमिनीवर लोळत होता.

"पाइपकाका, पाइपकाका, ऐका ना. पाइप टिकेना, वायर येईना, बल्ब पेटेना!"

"खिळा धरेना, मी टिकेना!"

गेला खिळ्याकडे. तुरु तुरु तुरु.

"खिळोबा, खिळोबा, ऐका ना. खिळा धरेना, पाइप टिकेना, वायर येईना, बल्ब पेटेना!"

"हातोडी हलेना, मी धरेना!"

गेला हातोडीकडे. तुरु तुरु तुरु.

"हातोडीमावशी, हातोडीमावशी, ऐक ना. हातोडी हलेना, खिळा धरेना, पाइप टिकेना, वायर येईना, बल्ब पेटेना!"

"मेन पडेना, मी हलेना!"

"मेन कोण?"

"तो बघ, भिंतीवरचा मोठा दांडा. तो खाली पडला की वायरमधली वीज थांबते. आधी मेन, मग वायर. इथे सगळ्यांना ठाऊक आहे."

"दादाला ठाऊक नव्हतं."



गेला मेनकडे. तुरु तुरु तुरु.

"मेनबुवा, मेनबुवा, ऐका ना. मेन पडेना, हातोडी हलेना, खिळा धरेना, पाइप टिकेना, वायर येईना, बल्ब पेटेना!"

"तात्या उठेनात, मी पडेना!"

गेला तात्यांकडे. तुरु तुरु तुरु. तात्या दारात स्टुलावर बसले होते. कप खाली, बशी हातात. फुर्र, फुर्र!

"तात्या, तात्या, ऐका ना. तात्या उठेनात, मेन पडेना, हातोडी हलेना, खिळा धरेना, पाइप टिकेना, वायर येईना, बल्ब पेटेना!"

"चहा संपेना, मी उठेना! मेन काय, पाडतो नंतर. पळतोय का कुठे?"

"त्या दिवशीपण चहाच होता?"

तात्यांनी बशी तोंडाला लावली. फुर्र!

चुटक्याला असा राग आला, असा राग आला! धावत सुटला आणि कपाला दिली धडक. खळ्ळ! चहा सांडला. कप गडगडत दाराबाहेर.

"संपला चहा! उठा आता!"

"अरे माझा चहा!" तात्या ताडकन उठले.

मग काय!

तात्या उठले, मेन पडला. खटाक! हातोडी हलली. ठक ठक ठक! खिळ्याने धरलं. पाइप टिकला. पाइपातून वायर आली. सुर्रर्र! तात्यांनी टोक जोडलं, मेन वर केला. खटाक!

आणि बल्ब पेटला. लख्ख!

"झालं की! किती सोपं होतं!" सगळे म्हणाले.

"हो, सोपं होतं," चुटक्या म्हणाला. "मग दादाला कुणी का नाही सांगितलं?"

ठक नाही. सुर्र नाही. फुर्र नाही.

पिल्लं बिळातून बाहेर आली. डोळे मिचकावत, मिचकावत.

"दादाने आणला उजेड?"

चुटक्याने वर बल्बकडे बघितलं. "हो. दादानेच आणला."

मग त्याने सगळ्यांना खांबाखाली ओळीत बसवलं. दादाची जागा मोकळी ठेवली.

"म्हणा, आधी मेन, मग वायर."

"आधी मेन, मग वायर!"

"पुन्हा म्हणा."

"आधी मेन, मग वायर!"

सगळ्यात धाकटीला अजून बोलता येत नव्हतं. चुटक्याने तिला जवळ घेतलं. तिच्या इवल्याशा कानात हळूच सांगितलं, "आधी मेन, मग वायर."