आत बांधलेली लिंबू-मिरची

ऋजुताला परदेशी जायला दहाच दिवस उरले होते. मागे आईला बाबांना डायलिसिसला नेता यावं, म्हणून ती रोजच्या वापराची भरवशाची जुनी गाडी शोधत होती.

"अपघात नाही, काही नाही. डोळे झाकून घ्या!" एक गाडी दाखवत जुन्या गाड्यांचे विक्रेते धुमाळशेठ म्हणाले.

भर दुपारी, एसी बंद असूनही गाडीत गारठा होता. मागच्या सीटखाली तिला बांधलेली ताजी लिंबू-मिरची दिसली.

"शेठ, बाहेरचं आत येऊ नये म्हणून ही बाहेर बांधतात. आतलं काय बाहेर येऊ नये म्हणून तुम्ही आत बांधलीत?"

शेठ हसले. "एवढं शिकून भुतं मानता?"

"मी नाही, तुम्ही मानता. म्हणजे या गाडीत काय घडलं, ते तुम्हाला ठाऊक आहे."

शेठचं हसू मावळलं. गाडीचं दार उघडंच होतं. ते लावायला शेठ काही पुढे होईनात.