टिचकी बेडकीची पाठ भिजेना

एक होती बेडकी. एवढीशी. बटणाएवढी. तिचं नाव टिचकी.

टिचकी राहायची सुलूकाकूंच्या अंगणात. अळूच्या पानाखाली. वर भिंतीवर होता एसी. एसीला होती नळी. नळीतून पाणी पडायचं. टप. टप. टप. टिचकीची पाठ भिजायची.

एका दुपारी एसी म्हणाला, "खर्रर्र. खट." आणि बंद पडला.

टप नाही. टप नाही. काहीच नाही. अळूने मान टाकली. टिचकीची पाठ वाळली. बेडकीची पाठ वाळून चालत नाही.

टिचकी निघाली. थपक थपक, थपक थपक. गेली काकूंकडे.

"काकू काकू, माझी पाठ भिजेना."

काकू म्हणाल्या, "एसी म्हातारा झाला गं. नवा लावीन. पण आधी कोटेशन हवं. कोणता एसी, कुठे लावायचा, काय काय लागेल, ते सगळं लिहिलेला कागद. रफिकभाऊंनी कोटेशन दिलं, की एसी लावीन."

थपक थपक, थपक थपक. टिचकी गेली एसीवाल्या रफिकभाऊंकडे.

"रफिकभाऊ रफिकभाऊ,
एसी लागेना,
माझी पाठ भिजेना."

रफिकभाऊ म्हणाले, "खोली मोजल्याशिवाय कोटेशन कसं देऊ? माझी टेप सुतारकाकांनी नेली. त्यांनी टेप दिली, की कोटेशन देईन."

थपक थपक, थपक थपक. टिचकी गेली सुतारकाकांकडे.

"सुतारकाका सुतारकाका,
कोटेशन मिळेना,
एसी लागेना,
माझी पाठ भिजेना."

सुतारकाका म्हणाले, "टेप आहे पेटीत. पेटीवर आहे मांजर. मांजर उठलं, की टेप देईन."

टिचकी वळली मांजराकडे. जरा लांबच बसली.

"माऊ माऊ,
टेप निघेना,
कोटेशन मिळेना,
एसी लागेना,
माझी पाठ भिजेना."

मांजराने एक डोळा उघडला. "दूध गरम आहे. जीभ भाजते. दूध निवलं, की उठेन." मांजराने डोळा मिटला.

दूध होतं वाटीत. वाफ येत होती. टिचकी वाटीपाशी गेली. थपक थपक.

"दुधा दुधा,
मांजर उठेना,
टेप निघेना,
कोटेशन मिळेना,
एसी लागेना,
माझी पाठ भिजेना."

दूध म्हणालं, "मी आपोआप निवत नाही. पंखा फिरला, की निवेन."

टिचकीने वर पाहिलं.

"पंख्या पंख्या,
दूध निवेना,
मांजर उठेना,
टेप निघेना,
कोटेशन मिळेना,
एसी लागेना,
माझी पाठ भिजेना."

पंखा म्हणाला, "वीज गेलीय. वायरमनदादाने वीज लावली, की फिरेन."

थपक थपक, थपक थपक. वायरमनदादा होता खांबावर. उंच.

"वायरमनदादा वायरमनदादा,
पंखा फिरेना,
दूध निवेना,
मांजर उठेना,
टेप निघेना,
कोटेशन मिळेना,
एसी लागेना,
माझी पाठ भिजेना."

वायरमनदादा म्हणाला, "माझी पक्कड खाली पडली. गवतात कुठे गेली, दिसेना. पक्कड सापडली, की वीज लावीन."

आता टिचकी कुणाकडे गेली नाही. गवतात शिरली. गवत तापलं होतं. पाठ कडकडीत झाली होती. थपक. थपक. थपक. ठण्.

"डरांव. इथे आहे. मी पकडीवर बसलेय."

वायरमनदादा खाली उतरला. पक्कड घेतली. वर चढला. तार जोडली. खट.

वीज आली. पंखा फिरला. गरगर गरगर. दूध निवलं. मांजर उठलं. लपक लपक दूध प्यायलं. घाई केली नाही. टिचकी थांबली.

सुतारकाकांनी पेटी उघडली. टेप दिली. रफिकभाऊ काकूंकडे आले. सर्रर्र टेप बाहेर. लांबी मोजली. रुंदी मोजली. खिडकी मोजली. सर्रर्र टेप आत.

"खोलीत माणसं किती?"

"मी आणि हे," काकू म्हणाल्या.

रफिकभाऊंनी कोटेशन लिहिलं. "एसी या भिंतीवर. नळी सोडतो मोरीत."

टिचकीने उडी मारली. थपक. बसली कागदावर. उठेना.

"हिचं काय म्हणणं आहे?" रफिकभाऊंनी विचारलं.

"नळी अळूकडे," टिचकी म्हणाली.

"तीन हात नळी जास्त लागेल, काकू."

काकूंनी टिचकीकडे पाहिलं. तिची पाठ पाहिली. म्हणाल्या, "लिहा."

रफिकभाऊंनी लिहिलं, 'नळी अळूकडे.' मग टिचकी उठली.

दुसऱ्या दिवशी नवा एसी आला. भिंतीवर चढला. म्हणाला, "हूंऽऽऽ."

टिचकी पानाखाली बसली. वाट पाहिली. अजून वाट पाहिली.

टप.

पाठ भिजली.

थेंब पडला टप,
गोष्ट झाली गप.