म्हशींच्या रांगेत ठकूआजी

भोकरखेडला सरकारी दवाखाने दोन, एक माणसांचा आणि शेजारी गुरांचा. खासगी डॉक्टर एकच, पण त्याच्याकडे मुंगी शिरायला जागा नसे. माणसांच्या सरकारी दवाखान्यात मात्र चिटपाखरू फिरकत नव्हतं, म्हणून जिल्ह्याचे मोठे साहेब तो बंद करायच्या तयारीनंच आले.

बघतात तर गुरांच्या दवाखान्यासमोर म्हशींच्या रांगेत पदर खोचून ठकूआजी उभी.

"आजी, तुमचं जनावर कुठंय?" साहेबांनी दरडावलं.

"हे काय, मीच. गुडघा धरलाय."

साहेब भडकले. "सरकार फुकट औषध देतंय आणि तुम्ही लोक खासगीत पळता, नाहीतर गुरांत येऊन उभे राहता! अक्कल गहाण ठेवलीय का? कारण सांगा, नाहीतर आजच कुलूप ठोकतो."

कुलूप लागलं तर गरिबानं जायचं कुठं? ठकूआजीनं तोंडावर येणारी म्हशीची शेपूट बाजूला सारली.

"सांगते की. खासगी डॉक्टर तपासतो, पण आधी खिसा तपासतो. तुमचा डॉक्टर मान वर न करता विचारतो, काय होतंय? आणि मी तोंड उघडायच्या आत गोळ्या लिहून मोकळा. म्हशीला बोलताच येत नाही, साहेब. म्हणून गुरांच्या डॉक्टरला खुर्चीतून उठावं लागतं, जवळ येऊन अंगावरून हात फिरवावा लागतो."

साहेबांचा आवाज खाली आला. "मग मी करू तरी काय?"

"कुलूप राहू द्या. तुमच्या डॉक्टरला एवढंच सांगा, माणूस आला की म्हैस आली असं समजायचं."