चार रोपांची दया

एकदा एका वृद्ध वैद्यबुवांच्या शिष्येने, अनसूयेने, चातुर्मासाचा नेम धरला: चार महिने हिरवे असे काहीच मुळासकट उपटायचे नाही. नेम मनाला इतका मानवला, की ती दरवर्षी तोच धरू लागली.

त्या पहिल्याच वर्षी एका व्यापाऱ्याने परमुलखातले निळ्या फुलांचे बी वैद्यबुवांना भेट दिले. अनसूयेने त्यातले मूठभर ओढ्याकाठी पेरले. बहुतेक रोपे पिवळी पडून गेली, चार तेवढी कशीबशी तगली.

"बी धरायच्या आत उपट गं," वैद्यबुवा म्हणाले.

"बाबा, नेम आहे ना माझा! आणि बघा तरी, किती अशक्त आहेत बिचारी."

दुसऱ्याचे व्रत कसे मोडावे, म्हणून त्यांनीही ती राहू दिली. चातुर्मास सरेपर्यंत बी झडून गेले. पुढची वर्षेही अशीच गेली.

सातव्या वर्षी झोपेच्या औषधाला लागणारी ओढ्याकाठची ब्राह्मी शोधूनही सापडेना. जिकडेतिकडे निळीच फुले. औषध न्यायला आलेली शेजारीण रिकामी वाटी घेऊन परतताना म्हणाली, "मामंजींचा डोळ्याला डोळा लागत नाही. आता निळ्या फुलांचाच काढा पाजते हो!"

अनसूया रडवेली झाली. वैद्यबुवा रागावले नाहीत. त्यांनी दोन कुंड्या घेतल्या. एकीत व्यापाऱ्याच्या पुडीतले उरलेले बी पेरले, दुसरीत ओढ्याकाठचे. माती एक, पाणी एक. महिन्याभरात पहिल्या कुंडीतली रोपे बोटभर, मलूल. दुसरीतली गुडघ्याएवढी, कळ्यांवर आलेली.

"झाड तर तेच, बाबा. मग असं कसं?"

"तेच आहे, आणि तेच राहिलंही नाही. जी आपली माती सोसू शकली, त्यांचंच बी पुढे गेलं. बाकीच्यांचा वंश खुंटला. त्यांतही जी लवकर फुलली, भराभर वाढली, त्यांची पिलावळ जास्त. सात पिढ्या ही चाळण फिरत राहिली. जे उरलं, ते इथलंच होऊन बसलं."

"मग दोष माझाच."

"माझाही, पोरी. मी तुझ्या नेमाचा मान राखला आणि ओढ्याला विसरलो. फुलांचा तर काहीच दोष नाही, त्यांनी जगण्याचा धर्म पाळला. पण ओढ्याची दया वेळेवर केली असती, तर चारच जीव गेले असते. आता हजारो जातील."

"नेम मोडू?"

"मोठा कर. उपटायचं नाही, एवढ्यावर थांबू नकोस. ओढा राखायचा, असा धर."

अनसूयेने पदर खोचला. पहिल्या रोपाला हात जोडले, "क्षमा कर बाई," म्हणाली आणि ते अलगद मुळासकट काढले. तिच्या शेजारी वैद्यबुवाही गुडघे टेकून बसले.

बायांनो, हौसेने लावलेल्या परक्या झाडाची रोपे कुंपणाबाहेर उगवलेली दिसली, तर ती चारच आहेत तोवर तुम्हीही हात जोडा, क्षमा मागा, आणि वाकून उपटा.