काळविटाने नाकारलेला संघ

मुलांनो, सागाच्या एका दाट जंगलात एक रानडुकरीण राहत होती. जंगलात पाणवठे चार, आणि प्रत्येक पाणवठ्याचा फुटबॉलचा एकेक संघ. नदीवाले, तळेवाले, झरेवाले आणि डबकेवाले. आपली रानडुकरीण डबकेवाल्यांची कप्तान. डबके ते केवढे, तर ऐन उन्हाळ्यात बेडकाचे पाऊलही नीट बुडू नये. पण तिला विचाराल, तर तसे पाणी साऱ्या जंगलात नव्हते! "आमचं डबकं" असे म्हणताना तिची मान इतकी ताठ व्हायची, की ऐकणाऱ्याला वाटावे, ही बाई समुद्राबद्दलच बोलते आहे.

आता अभिमान ठीक आहे, पण खेळाचे काय? खेळात डबकेवाले सहा वर्षे ओळीने शेवटचे आले होते. जंगलाचा एक जुना दंडक होता. सलग सात वर्षे जो संघ शेवटचा येईल, तो मोडायचा. त्याचे खेळाडू बाकीच्या संघांत वाटून टाकायचे आणि मैदानावर त्या पाणवठ्याचे नाव पुन्हा घ्यायचे नाही. हे सातवे वर्ष होते. रानडुकरिणीच्या घशाखाली कंदमूळ उतरत नव्हते ते याचमुळे.

तरी तिला एका गोष्टीचा आधार होता. पावसाळा सरून गवत पिवळे पडू लागले, की जंगलात निवडीचा दिवस येई. त्या वर्षी वयात आलेली सगळी तरुण जनावरे मोहाच्या झाडाखाली उभी राहत आणि चारी संघ त्यांतून आपापला खेळाडू निवडत. निवडीत पहिला मान मिळे तो सगळ्यात शेवटी आलेल्या संघाला. हरलेल्याला हात द्यावा, असा पूर्वजांचा हेतू होता. यंदा उभ्या राहिलेल्यांत एक काळवीट होते. ते पळू लागले की पाय दिसतच नसत, नुसते गवत हललेले दिसे. असा खेळाडू दहा वर्षांत झाला नव्हता.

निवडीच्या दिवशी सारे जंगल लोटले. म्हातारा गवा पंच होता. त्याने हाक दिली, "डबकेवाले, तुमचा मान!" रानडुकरीण अंगावरचा चिखल झटकून ऐटीत पुढे आली आणि काळविटासमोर उभी राहिली.

"बाळा, चल. आजपासून तू आमचा," ती म्हणाली.

काळवीट जागचे हलले नाही. "मावशी, राग मानू नका. मी तुमच्याकडून खेळणार नाही."

झाडावरची वानरेसुद्धा खाजवायची थांबली. आजवर असे कोणी म्हटले नव्हते.

"का रे? आम्ही काय तुझं घोडं मारलंय?"

"मागच्या वर्षी तुम्ही चितळ निवडलंत. ते एकटंच पळत राहिलं आणि तुम्ही सगळे कडेला उभे राहून 'वा वा' करत होता. आज ते लंगडतंय. त्याच्या आदल्या वर्षी चौशिंगा. त्याचंही तेच. मला खेळायचंय, मावशी. सात जणांचं ओझं वाहायचं नाहीये." एवढ्यावर थांबले असते तर बरे होते. पण तरणे रक्त ते! ते पुढे बोललेच, "आणि खरं सांगायचं तर डबकेवाला म्हणवून घ्यायची मला लाज वाटते."

रानडुकरिणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पाठीवरचे केस ताठ उभे राहिले. आजूबाजूला कोणीतरी खुदकन हसले, तेही तिने ऐकले.

म्हाताऱ्या गव्याने नियम सांगितला. "निवडलेला नाही म्हणाला, तर कप्तानाला दोन वाटा आहेत. त्याला अडवून धरायचं. मग तो वर्षभर कुणाकडूनच खेळणार नाही. नाहीतर त्याला सोडायचं आणि बदल्यात दुसऱ्या संघाकडून खेळाडू मागून घ्यायचे. बोल, काय करतेस?"

नदीवाल्यांचा कप्तान कोल्हा याच क्षणाची वाट पाहत होता. तो लगबगीने पुढे आला. "ताई, त्याला आम्हाला द्या. बदल्यात आमची दोन सांबरं घेऊन जा. चांगली मुरलेली आहेत. दोघांनाही गोल करता येतो, आणि मुख्य म्हणजे दोघंही नाही म्हणत नाहीत."

"घे गं, घे!" डबकेवाल्यांचा ससा मागून कुजबुजला. "दोन सांबरं म्हणजे संघ वाचला!"

"नाहीतर अडवून धर," मुंगूस दात ओठ खात म्हणाले. "बसू दे वर्षभर गवत मोजत. जिरू दे त्याची!"

रानडुकरिणीने एकदा कोल्ह्याकडे पाहिले, एकदा काळविटाकडे. शहाण्या जनावराने सांबरे घेतली असती, हे तिलाही कळत होते. पण अभिमान ही चीज अशी आहे मुलांनो, की ती शहाणपणाला विचारून येत नाही. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "ज्याला आमची लाज वाटते, त्याला आम्ही बांधून ठेवत नाही. आणि त्याच्या बदल्यात कुणाचं काही घेतही नाही. जा बाळा, जिथं जायचंय तिथं जा. डबकेवाले अजून इतके खाली गेलेले नाहीत."

काळवीट खाली मान घालून नदीवाल्यांकडे गेले. मग बाकीच्या संघांनी आपापले खेळाडू निवडले आणि सर्वांत शेवटी डबकेवाल्यांच्या वाट्याला उरली ती एक घोरपड. तिला कोणीच घेतले नव्हते. ती इतकी सावकाश चालत आली, की ती पोहोचेपर्यंत निम्मे जंगल घरी गेले होते.

दोन दिवस रानडुकरीण चिखलात लोळत धुसफुसत राहिली. कालचं पोर ते, मला शिकवतं! माझ्या डबक्याला नावं ठेवतं! तिसऱ्या दिवशी राग थोडा ओसरला, तेव्हा काळविटाचे बोलणे तिच्या मनात पुन्हा पुन्हा येऊ लागले. खरे बोलले की सख्ख्या आईलाही राग येतो म्हणतात. आपला राग त्यातलाच तर नाही? ती उठली आणि मागल्या वर्षीच्या चितळाकडे गेली. ते एका बांबूच्या बेटापाशी लंगडत चरत होते.

"एक विचारायचंय," ती म्हणाली. "आमच्यात तुझं काय चुकलं? की आमचंच चुकलं?"

चितळाने चरणे थांबवले. मग ते हळूच म्हणाले, "मावशी, तुम्ही माझे लाड फार केलेत. कोवळं गवत आधी मला, सावलीची जागा मला. पण सामन्यात मी दमलो, घेरलो गेलो, मागं वळून पाहिलं, की तुम्ही सगळे कौतुकानं माझ्याकडे बघत उभे असायचात. वर्षभरात एकदाही कुणी म्हटलं नाही, की चेंडू इकडे दे."

रानडुकरिणीला त्या जागी धरणीने पोटात घ्यावे असे झाले. सहा वर्षांचे सामनेच्या सामने तिच्या डोळ्यांपुढून गेले. पहिल्या निवडीचा मान मिळतो म्हणून दरवर्षी जंगलातले सर्वांत चपळ पोर आणायचे, चेंडू त्याच्या पायाशी टाकायचा आणि आपण मोकळे! आपल्याला वाटत होते, आपण त्याला मान देतो आहोत. ती चितळाला म्हणाली, "माफ कर रे बाळा." आणि तशीच डबक्यावर परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपला सारा संघ चिखलात उभा केला. ससा, मुंगूस, साळिंदर, एक म्हातारी नीलगाय, एक कासव आणि ती नवी घोरपड. ती म्हणाली, "आजपासून एकच नियम. चेंडूला कुणीही सलग दोनदाच पाय लावायचा. मग तो दुसऱ्याला द्यायचाच. तिसऱ्यांदा लावला, तर चिखलातून डबक्याला एक फेरी."

"आणि कप्तानानं लावला तर?" मुंगसाने मुद्दामच विचारले.

"तर दोन फेऱ्या."

पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त फेऱ्या कोणी मारल्या असतील? आपल्या रानडुकरिणीनेच! पायात चेंडू आला की तो सोडवेना. पण कुरकुर न करता ती फेऱ्या मारत राहिली, आणि कप्तान मारते म्हटल्यावर बाकीच्यांनाही तोंड उघडता येईना. चिखलात पळून पळून सगळ्यांचे पाय दणकट झाले. साळिंदर गोलरक्षक झाले, कारण त्याच्या जवळ जायला कोणी धजत नसे. घोरपड कुठे ठेवावी हेच समजेना. शेवटी नीलगाय म्हणाली, "अगं, हिला पळता येत नाही, पण हलवताही येत नाही. हिला नेऊन पुढंच उभी कर." तेव्हा घोरपड प्रतिपक्षाच्या गोलापाशी जाऊन चिकटून बसू लागली.

सामने सुरू झाले. तळेवाल्यांनी डबकेवाल्यांना हरवले. झरेवाल्यांनीही हरवले, पण एकाच गोलाने, आणि तेही घामाघूम होऊन. नदीवाल्यांचे मात्र नवल झाले. तळेवाल्यांशी झालेल्या पहिल्या सामन्यात काळविटाने सुरुवातीलाच एकट्याने तीन गोल केले, तेव्हा कोल्हा आनंदाने नुसता नाचला. त्याने आपल्या गड्यांना सांगून टाकले, "आता चेंडू मिळाला की काळविटाला द्यायचा. आपण काही करायला नको!" नदीवाले खूश होऊन उभे राहिले. मग तळेवाल्यांच्या दोघांनी काळविटाला घेरले, आणि बाकीच्यांनी चार गोल करून सामना खिशात घातला. पुढे झरेवाल्यांनीही तसेच केले.

आता शेवटचा सामना उरला, नदीवाले विरुद्ध डबकेवाले. दोघांच्याही नावावर एकही विजय नव्हता. जो हरेल तो शेवटचा. नदीवाल्यांना शेवटचे येणे म्हणजे नुसती नामुष्की, पण डबकेवाल्यांना ते म्हणजे कायमचे पुसले जाणे.

त्या दिवशी पळसाला पहिली फुले आली होती. मैदानाच्या दोन्ही टोकांना पळसाच्याच दोन-दोन झाडांमध्ये गोल होते. काळविटाने सुरुवातीलाच वाऱ्यासारखे जाऊन एक गोल केला. नदीकाठच्या बाजूने एकच जल्लोष झाला. पण डबकेवाल्यांनी माना खाली घातल्या नाहीत. सशाने मुंगसाला, मुंगसाने नीलगाईला, नीलगाईने कासवाला, असा चेंडू फिरत राहिला. नदीवाले त्याच्यामागे धावून धावून दमले. मध्यंतराच्या जरा आधी मुंगसाने चेंडू गोलात सारला. एक-एक!

पुढचा सारा वेळ काळवीट एकटेच पळत होते. ते मागे वळून पाही, तेव्हा कोल्हा आणि त्याचे गडी कमरेवर हात ठेवून ओरडत असत, "शाब्बास! अजून एक!" रानडुकरिणीने ते पाहिले. हे दृश्य तिच्या चांगलेच ओळखीचे होते.

सामना संपायला थोडाच वेळ उरला असताना चेंडू तिच्याकडे आला. समोर गोल मोकळा दिसत होता. एकदा पाय लागला, दोनदा लागला. सहा वर्षांची हार, ते हसणे, ते "लाज वाटते", सगळे तिच्या पायात येऊन उभे राहिले. आणखी एकदा पाय लावला की गोल तिचा, संघ तिने वाचवला असे जंगल म्हणणार! तेवढ्यात कोपऱ्यातून एक चिरका आवाज आला, "मावशी, इकडे दे!"

ती घोरपड होती. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच चेंडू मागितला होता.

रानडुकरिणीने दात आवळले आणि चेंडू तिच्याकडे सारला. रानडुकरिणीवर झेपावलेले नदीवाल्यांचे सांबर मोकळ्या जागेत जाऊन आपटले. घोरपडीने चेंडू मारला असे म्हणता येणार नाही, तिने तो ढकलला. चेंडू गडगडत, गडगडत दोन पळसांमधून पलीकडे गेला. दोन-एक! लगेच काळवीट उसळून आले आणि त्याने सारी ताकद लावून चेंडू हाणला. तो साळिंदराच्या पाठीवर आदळला आणि काट्यांत असा रुतून बसला, की काढायला सुगरण पक्ष्यांना बोलवावे लागले. गव्याने सामना संपल्याची हाक दिली.

डबकेवाले तिसरे आले होते. चारांत तिसरे! पण त्यांचा नाच पाहून कोणालाही वाटले असते, की यांनी त्रिभुवन जिंकले. तळेवाल्यांच्या एका गड्याने हसत म्हटले, "अहो, आम्ही पहिले आलो, आम्ही नाही एवढं नाचलो!" तेव्हा नीलगाय म्हणाली, "तुम्हाला काय ठाऊक तिसरं येणं म्हणजे काय असतं ते!"

गर्दी पांगली तेव्हा काळवीट रानडुकरिणीसमोर येऊन उभे राहिले. ते धापा टाकत होते.

"मावशी, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुमचा अपमान केला. तरी तुम्ही मला अडवलं नाहीत. का?"

"मोठेपणानं सोडलं असं सांगितलं असतं, पण खोटं कशाला बोलू? रागानं सोडलं." ती हसली. "आणि बरं झालं तू आला नाहीस. आला असतास, तर आम्ही पुन्हा कडेला उभे राहून तुझी गंमत बघितली असती, आणि आज आमचं नाव पुसलं गेलं असतं. तू खरं बोललास ते आमच्या कामी आलं. लाजेचं बोललास, ते मात्र तुझं तुझ्यापाशी."

काळविटाचे डोळे भरून आले. "पुढच्या वर्षी नदीवाल्यांनी सोडलं, तर घ्याल मला?"

रानडुकरिणीने मागे वळून पाहिले. घोरपडीला खांद्यावर घेऊन मुंगूस आणि ससा डबक्याकडे निघाले होते, आणि तिच्या वजनाने दर चार पावलांवर कोलमडत होते. ते पाहून रानडुकरिणीची मान आपोआप ताठ झाली.

"ये की," ती म्हणाली. "पण आमच्यात ओझं एकाचंच उचलायचं हो. सात जणांचं नाही."

तात्पर्य : कोणी नाकारले म्हणून नुसते रागावू नये, त्याच्या बोलण्यातले खरे तेवढे घ्यावे. एकाच्या खांद्यावर सगळ्यांचा भार टाकून संघ उभा राहत नाही. जे सगळे आपापला वाटा उचलतात, त्यांची मान कोणाच्याही नकाराने खाली जात नाही.