बत्ताशाचा बिबट्या

एका गावात एक पिठाची गिरणी होती, आणि त्या गिरणीपेक्षाही घाईत असणारा तिचा मालक होता, धोंडिबा वाळुंज. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. धोंडिबानं ते घोट्याला बांधलं असतं. दळण लवकर उरकावं म्हणून तो गिरणीचे दगड सैल ठेवायचा. पीठ यायचं जाडंभरडं. बायकांच्या भाकऱ्या परातीतच तुटायच्या आणि त्या धोंडिबाच्या नावानं बोटं मोडायच्या. धोंडिबा म्हणायचा, "पोटात गेल्यावर सगळं बारीकच होतं की!"

घरात माणसं दोन, धोंडिबा आणि त्याची बायको हौसा. तिसरा बत्ताशा. अंगानं पिवळा, डावा कान अर्धा, असा हा कुत्रा. कोंड्याच्या पोत्यात पिल्लू सापडलं तेव्हापासून हौसानं त्याला दूध-भाकरीवर वाढवला होता. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळे लाड त्याच्याच वाट्याला आले. मोठ्या हौसेनं तिनं गावातल्या फोटोवाल्या हरण्यांना बोलावून त्याचा फोटोही काढून घेतला होता. निंबाखाली ऐटीत बसलेला बत्ताशा, अंगावर पानांची सावली, गळ्यात लाल पट्टा आणि पट्ट्याला पितळी बिल्ला. फोटो इतका झकास, की बिल्ल्यावर कोरलेला धोंडिबाचा फोन नंबरसुद्धा वाचता येत होता.

एका सोमवारी धोंडिबा बत्ताशाला घेऊन शेजारगावच्या बाजाराला गेला. तिथं कुणाच्या तरी वरातीत फटाक्यांची माळ लागली. बत्ताशा जो उधळला, तो दिसेनासाच झाला. धोंडिबा हाका मारमारून दमला आणि एकटाच घरी परतला. हौसानं आधी त्याच्या मागं पाहिलं, मग त्याच्याकडे. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही.

धोंडिबा तडक हरण्यांच्या दुकानात गेला. हरणे म्हणजे शांत माणूस. ओळखपत्राच्या फोटोसाठीसुद्धा गिऱ्हाइकाला तीनदा केस विंचरायला लावायचे. त्यांनी मूळ फोटो धोंडिबाच्या फोनमध्ये टाकून दिला आणि बजावलं, "हे बघ, हा नुसता फोटो म्हणून ग्रुपवर टाकू नकोस. तसा टाकलास की फोन त्याला दाबून लहान करतो आणि बारीकसारीक सगळं गाळून टाकतो. फाईल म्हणून पाठव. वेळ लागेल, पण जसाच्या तसा जाईल."

"किती वेळ?"

"आपल्याकडची रेंज बघता चार-पाच मिनिटं."

"चार-पाच मिनिटांत मी पायलीभर ज्वारी दळतो!"

"ते पीठ गाव रोज खातंय," हरणे म्हणाले.

धोंडिबानं फाईल पाठवायला घेतली खरी. फोनवर गोल चक्र फिरू लागलं. फिरतंय, फिरतंय, फिरतंच आहे. अर्ध्या मिनिटात त्याचा जीव वरखाली झाला. त्यानं ते रद्द केलं आणि नुसता फोटो दिला ठोकून. डोळ्याचं पातं लवायच्या आत गेला. खाली लिहिलं, 'हा दिसला तर लगेच कळवा.' नंबर लिहायचे कष्ट कोण घेतो? बिल्ल्यावर आहे की!

फोटो निघाला गावोगाव. पहिल्या गावात पोचला तेव्हा बिल्ल्यावरचा नंबर पुसला गेला होता, पण कुत्रा कुत्राच होता. तिथल्या एका शहाण्यानं त्याचा स्क्रीनशॉट काढून पुढे ढकलला. दुसऱ्या गावात बिल्ला गेला, पट्टा गेला, आणि अर्ध्या कानाचं काय झालं ते देवालाच ठाऊक. तिथल्या एका आजोबांना नीट दिसेना, म्हणून कुणीतरी फोटो ताणून मोठा केला आणि त्या फोनच्या काचेचाच दुसऱ्या फोननं फोटो काढून पाठवला. तिसऱ्या गावात उरलं एक पिवळं धूड आणि अंगभर काळे ठिपके. ते ठिपके निंबाच्या पानांच्या सावलीचे होते, पण हे सांगणार कोण? त्या गावच्या सरपंचांनी फोटो पाहून चहाची बशी खाली ठेवली आणि वर चार शब्द जोडून दिले: 'सावधान! उसात बिबट्या शिरला आहे. हा दिसला तर लगेच कळवा.'

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो फोटो फिरत फिरत धोंडिबाच्याच फोनवर आला.

"अगं बाबौ!" धोंडिबा ओरडला. "केवढा आहे हा! डोळे बघ कसे खुनशी!"

त्यानं गिरणी बंद केली. दाराला कडी घातली, कडीला दोरी बांधली, दारामागं दळणाचे सात डबे रचले. मग शिडी लावून माळ्यावर चढला. "हौसे, वर ये! लवकर!"

हौसा जागची हलली नाही. "अहो, माझा बत्ताशा बाहेर आहे," ती म्हणाली. "बिबट्या आधी कुत्र्यालाच धरतो." आणि ती पदर तोंडाला लावून रडू लागली. धोंडिबाला आपल्या भित्रेपणाची लाज वाटली. पण तो माळ्यावरून खाली काही उतरला नाही.

तेवढ्यात दारावर नखं घासली. एकदा, मग पुन्हा एकदा. मग एक बारीकसं कुईं. हौसानं रडणं थांबवलं. भाकरी मागायची ही रीत तिच्या ओळखीची होती.

"कडी काढशील तर माझी शपथ आहे!" माळ्यावरून आवाज आला. "बिबटे लबाड असतात!"

"लबाड असले तरी भाकरी मागत नाहीत," हौसा म्हणाली. तिनं डबे ढकलले, दोरी सोडली, कडी काढली.

दारात बत्ताशा उभा होता. बरगड्या वर आलेल्या, पाय लंगडा, कपाळावर रक्त सुकलेलं. हौसाचे हात चाटून तो शिडीपाशी गेला आणि वर धोंडिबाकडे बघून शेपूट हलवू लागला.

पाठोपाठ काठ्या घेऊन, पत्रे बडवत वीस-पंचवीस माणसं आली. निम्मी शेजारगावची, निम्मी गावातली. "आत शिरला! बिबट्या आत शिरला!"

गलका ऐकून हरणे धावत आले. त्यांनी आपल्या फोनवरचा मूळ फोटो काढला आणि बिबट्याच्या फोटोशेजारी धरला. तेच झाड, तीच ऐट. एकात ठिपके, दुसऱ्यात पानांची सावली, लाल पट्टा आणि धोंडिबाचा नंबर. लोकांनी फोटो पाहिले, मग बत्ताशाला पाहिलं. काठ्या खाली आल्या. "फाईल पाठव म्हणून बजावलं होतं, पण याला चार मिनिटं धीर धरवला नाही," हरणे म्हणाले.

"अरेरे," शेजारगावचा एक जण म्हणाला. "परवा हा आमच्या दारात आला होता. फोटो बघितलेला ना, म्हणून दगड मारून हाकलला."

"आमच्या आळीत काल आला होता," दुसरा म्हणाला. त्यानंही दगडच मारला होता, पण ते त्याच्याच्यानं बोलवेना.

हौसानं बत्ताशाच्या जखमेवर हळद दाबली. मान वर न करता ती म्हणाली, "चार मिनिटं वाचवलीत तुम्ही. आणि माझ्या लेकराला तीन दिवस गावोगावचे दगड खायला घातलेत."

धोंडिबा शिडीवरून खाली उतरला. जन्मात पहिल्यांदा सावकाश उतरला. बत्ताशासमोर बसला आणि म्हणाला, "चुकलो रे बाबा." त्याचे डोळे भरून आले. बत्ताशानं त्याच्या हाताला लागलेलं जाडंभरडं पीठ मुकाट्यानं चाटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी धोंडिबानं गिरणीचे दगड आवळले. आता दळणाला वेळ लागतो. गिऱ्हाईक घाई करू लागलं की तो कोपऱ्यात बसलेल्या लंगड्या बत्ताशाकडे बोट दाखवतो. भाकरी मात्र आता तव्यावर टम्म फुगते. तरी बायका खोडी काढल्याशिवाय राहत नाहीत. डबा ठेवताना म्हणतात, "धोंडिबा, आमचं दळण तेवढं फाईल करून दे हं, नुसतं ठोकून देऊ नकोस!"

तात्पर्य: घाईनं दाबूनचेपून पाठवलेलं लवकर पोचतं, पण जे दाखवायचं तेच वाटेत सांडतं, म्हणून चार मिनिटं जास्त लागली तरी चालतील, पण जे पाठवायचं ते जसंच्या तसं पाठवावं.